काशीचे भागवत आणि सासष्टीची दोत्रीन

काशीच्या घाटांत पंचगंगा घाटाचे स्थान निराळे आहे. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम तेथे झाला आहे अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना दिसते ती मात्र एकटी गंगा. न दिसणाऱ्या चार नद्यांच्या भरवशावर शेकडो वर्षे कार्तिकस्नान चालत आले. घाटावरचे बिंदुमाधवाचे जुने देवालय औरंगजेबाच्या काळात पाडले गेले आणि त्या जागी मशीद उभी राहिली; आजचे बिंदुमाधवाचे मंदिर औंधच्या राजघराण्याने बांधलेले आहे. स्वामी रामानंदांचा मठ याच घाटावर. पहाटेच्या अंधारात पायऱ्यांवर पडून राहिलेल्या कबीराला रामानंदांचा पाय लागला, त्यांच्या तोंडून अभावितपणे रामनाम निघाले, आणि तेवढाच गुरूपदेश मानून कबीर परतला, ही कथा या पायऱ्यांचीच. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिच्यातली कल्पना मोलाची आहे. ज्याला पाठशाळेचे दार बंद, त्याने उपदेश पायरीवर मिळविला. धर्मशिक्षण पाठशाळेबाहेर कसे पोचते, हा प्रश्न या घाटाला नवा नाही.

पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा या घाटांच्या आसपासची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसांची. वेदाध्ययनासाठी, क्षेत्रसंन्यासासाठी, पुढे पेशवाईच्या निमित्ताने दक्षिणी कुटुंबे तेथे स्थिरावली, आणि गंगेच्या काठी घराघरांतून मराठी बोलली जाऊ लागली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या परिसराचे नाव लागते ते मात्र पेशवाईच्या सुमारे दीड शतक आधी. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, वाराणसीत पूर्ण केली. ग्रंथाच्या अखेरीस नाथांनी मणिकर्णिकेच्या तीराचा आणि पंचमुद्रा पीठाचा निर्देश केला आहे. पंचगंगा तेथून हाकेच्या अंतरावर, आणि कार्तिकी पौर्णिमा तर पंचगंगेचाच मोठा सण. एकतीस अध्यायांच्या या विस्तीर्ण टीकेचा आरंभ पैठणला झाला, तिचे पहिले अध्याय काशीत पोचले, प्राकृतात भागवत आणल्याबद्दल तेथील पंडितांनी आक्षेप घेतला, नाथांना बोलावून घेतले आणि अखेर ग्रंथाचा सन्मान केला, अशी परंपरा महिपतीने सांगितली आहे. तिच्यात चमत्कार पुष्कळ मिसळले आहेत. पण आक्षेप काय होता हे त्या कथेतून नेमके कळते. भागवतात काय सांगितले आहे याबद्दल पंडितांची तक्रार नव्हती. ते कोणाच्या भाषेत आणि कोणापुढे सांगावे, एवढाच वाद होता. स्त्रिया, शूद्र, मुले यांच्या कानी धर्म पडावयाचा तर तो त्यांच्या घरच्या भाषेत पडला पाहिजे, असे नाथांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी ओवी वापरली, आणि ओवी ही तर जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडची.

नाथांचे भागवत पुरे झाल्यावर सहा वर्षांनी, १५७९ च्या ऑक्टोबरात, इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात जन्मलेला एक जेझुइट तरुण लिस्बनहून निघालेल्या गलबतातून गोव्यास उतरला. त्याचे नाव टॉमस स्टीफन्स. नाथ १५९९ पर्यंत होते, म्हणजे वीस वर्षे हे दोघे गोदावरी आणि झुआरी या दोन नद्यांच्या काठी एकाच काळात नांदत होते. दोघांची भेट झाली नाही, होण्याचे कारणही नव्हते. या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये. तरीही वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो सोडवत नाही, कारण नाथांनी ज्या छंदात भागवत सांगितले त्याच छंदात, त्याच श्रवणाच्या पद्धतीने, स्टीफन्सने सासष्टीच्या ख्रिस्ती कुटुंबांना बायबलाची कथा सांगितली. मराठीतील कॅथलिक धर्मशिक्षणाचा इतिहास येथून सुरू होतो असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः तो चाळीस वर्षे आधी, आणि अगदी वेगळ्या सुरात, सुरू झाला होता.

फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोचला. हातात घंटा घेऊन तो गोव्याच्या रस्त्यांतून फिरे, मुलांना आणि गुलामांना हाका मारी, आणि जमलेला मेळा प्रार्थनामंदिरात नेऊन त्यांच्याकडून प्रार्थना, दहा आज्ञा आणि धर्मतत्त्वे चालीवर म्हणवून घेई. या पाठाला पोर्तुगीजांत ‘दोउत्रीना’ म्हणत; गोव्याच्या बोलीत त्याची दोत्रीन झाली आणि पुढे दोतोर्न. झेवियरची पद्धत घोकंपट्टीची होती, पण ती गाण्याची घोकंपट्टी होती, आणि मुलांना गाणे आवडते एवढे त्याने अचूक ओळखले होते. भाषा मात्र पोर्तुगीज. पुढे मच्छीमारांच्या तमिळ किनाऱ्यावर गेल्यावर त्याने दुभाष्यांकडून प्रार्थना तमिळात उतरवून घेतल्या. १५५६ मध्ये ॲबिसीनियाकडे निघालेला छापखाना गोव्यातच राहिला, आणि त्यावर पुढच्याच वर्षी निघालेल्या पुस्तकांत झेवियरच्या नावाची दोत्रीन होती. हिंदुस्थानात छपाईच्या कलेच्या अगदी पहिल्या कामांत मुलांचा धर्मपाठ होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

युरोपातही हाच काळ या शिक्षणाच्या व्यवस्थेचा. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ च्या नोव्हेंबरात असा निर्णय केला की, प्रत्येक धर्मग्रामात निदान रविवारी आणि सणाच्या दिवशी मुलांना श्रद्धेची मूलतत्त्वे शिकविली जावीत, आणि बिशपांनी त्यावर लक्ष ठेवावे. १५६६ मध्ये धर्मगुरूंसाठी रोमची प्रश्नोत्तरी प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास लिस्बनला मार्कोश जॉर्जची मुलांसाठी लिहिलेली दोत्रीन निघाली. लुथरच्या बंडानंतर कॅथलिक धर्मसंस्थेला उमगले होते की, धर्मग्रामाचे भवितव्य मठांत ठरत नाही, दहा वर्षांच्या पोराला काय पाठ येते यावर ते ठरते. गोव्यातला घंटानाद आणि ट्रेंटचा ठराव ही एकाच चिंतेची दोन रूपे होत.

परंतु गोव्यात या चिंतेला राज्यसत्तेचे हत्यार मिळाले, आणि तेथे चित्र पालटते. १५४४ च्या आपल्या पत्रात झेवियर लिहितो की, मुले पाठशाळेत शिकलेले घरी जाऊन आईबापांना आणि शेजाऱ्यांना शिकवितात. धर्मशिक्षणाच्या इतिहासात ही कल्पना नवी होती. जात्यावरच्या ओवीत आई मुलाला शिकविते. येथे मुलाने आईला शिकवावयाचे. त्याच पत्रात तो समाधानाने सांगतो की, गावात कोठे मूर्तिपूजा चालली असेल तर मुले येऊन आपल्याला सांगतात, आणि मग मुलांसह जाऊन त्या मूर्तींची विटंबना केली जाते. ज्या घरात शिकवावयाचे त्या घरावरच पाळत ठेवणारे मूल या शिक्षणातून तयार होत होते. १५५९ च्या राजाज्ञेने तर अनाथ हिंदू मुलांना गोव्याच्या सांपावल महाविद्यालयाकडे सोपवून ख्रिस्ती करण्याची वाट मोकळी केली. धर्मशिक्षण कुटुंबासाठी आहे की कुटुंबाविरुद्ध, असा प्रश्न त्या काळी कोणी लेखणीने मांडला नाही. तो गावोगाव उभा होता. नद्या ओलांडून पैलतीरी निघून गेलेली घरे आणि त्यांच्यामागोमाग गेलेल्या देवमूर्ती हे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर होते.

सासष्टी महाल जेझुइटांच्या वाट्याला आला. १५६७ मध्ये तेथील देवळे पाडली गेली. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले, आणि त्याचा सूड पोर्तुगीज सत्तेने क्रूरपणे घेतला. स्टीफन्स या साऱ्याच्या मध्यभागी होता. कुंकळ्ळीच्या मृतांशी त्याचे सहवासाचे नाते होते, आणि त्यानंतरची तीसपस्तीस वर्षे त्याने त्याच सासष्टीत, रायतूर आणि मडगावच्या परिसरात काढली. त्याच वर्षी पॅरिसमधल्या भावाला लिहिलेल्या पत्रात तो या देशाच्या भाषांविषयी लिहितो की, त्या पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार अप्रिय नाही, आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळणारी आहे. ज्या वर्षी सहकारी मारले गेले त्याच वर्षी मारणाऱ्यांच्या भाषेत ग्रीकचा घाट ओळखणाऱ्या माणसाची बुद्धी साधारण म्हणता येणार नाही. तथापि केवळ भाषाप्रेमाने अकरा हजार ओव्या लिहून होत नाहीत. त्यासाठी कोणीतरी मागणी करावी लागते.

ती मागणी ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच नोंदलेली आहे. सासष्टीतील एका इगर्जीत पाद्री मुलांना दोत्रीन शिकवीत बसला आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठतो आणि विचारतो. मुलांना हा पाठ शिकविता हे उत्तमच; पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नातून सारा ग्रंथ उगवला आहे, आणि पुढेही ठिकठिकाणी श्रोत्याने विचारावे व पाद्रीगुरूने सांगावे अशी त्याची मांडणी राहते. रचनेची ही पद्धत स्टीफन्सने युरोपातून आणलेली नाही. शौनकाने सूताला, परीक्षिताने शुकाला, उद्धवाने कृष्णाला विचारावे, ही भारतीय पुराणांची सनातन चाल; भागवताचा एकादश स्कंध म्हणजे तर उद्धवाच्या प्रश्नांचीच मालिका.

या प्रसंगाकडे मराठी समीक्षेने पुरेसे पाहिलेले नाही. ख्रिस्तपुराण म्हटले की मराठीची थोरवी गाणाऱ्या चार ओव्या उद्‍धृत करावयाच्या, एका परदेशी माणसाने आपल्या भाषेचे कौतुक केले म्हणून धन्य व्हावयाचे, आणि पुढे वळावयाचे, असा परिपाठ पडला आहे. शालेय पुस्तकांनी तो आणखी दृढ केला. ग्रंथ कशासाठी लिहिला, कोणापुढे आणि केव्हा वाचला जावा अशी त्याची कल्पना होती, हे प्रश्न त्या कौतुकात बुडून गेले. वास्तविक त्या भाषास्तुतीला ब्राह्मणाच्या प्रश्नाच्या प्रकाशात वाचावयास हवे. ज्या भाषेतली पुस्तके सापडतील तेथे जप्त होत होती, त्याच भाषेला रत्नांची आणि सुगंधी फुलांची उपमा दिली जाते, तेव्हा तो नुसता अलंकार राहत नाही. रायतूरच्या छापखान्यात, वरिष्ठांच्या परवानगीने, ते एक धोरण म्हणून मांडले जात होते.

प्रश्न विचारणाऱ्याची अडचणही नीट समजून घेण्यासारखी आहे. दोत्रीन पाठ होते, पण ती ऐकण्याची गोष्ट नव्हे. ‘देव किती?’ या प्रश्नाला ‘एक’ असे उत्तर मूल देते आणि खेळायला पळते. घरात संध्याकाळी दिवा लागल्यावर आजी, सून, गडीमाणसे आणि मुले एकत्र बसली असता काय सांगावयाचे? पूर्वी रामाची, कृष्णाची कथा होती. ती गेली, आणि तिची जागा रिकामी राहिली. प्रश्नोत्तरीने मुलाची परीक्षा घेता येते, पण घर भरत नाही. धर्मग्रामाच्या धर्मशिक्षणातला हा उणेपणा एका नवख्रिस्ती गृहस्थाला जाणवला, आणि विशेष हे की, ऐकणाऱ्या पाद्र्याला तो पटला. पाद्र्याची दृष्टी मुलावर होती. ब्राह्मणाने ती मुलाच्या घराकडे वळविली.

१६१६ मध्ये रायतूरला छापलेले हे पुराण दोन भागांचे आहे. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, छत्तीस अवस्वरूंत. दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र, एकोणसाठ अवस्वरूंत. मिळून ओव्या अकरा हजारांच्या घरात. स्टीफन्सने गद्य प्रस्तावनेत आपल्या भाषेचा खुलासा केला आहे. भाषा मराठी, पण शुद्ध मराठी येथील सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून अवघड शब्द गाळून तेथील ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले आहेत. म्हणजे कोकणी घरात वाचावयाचे मराठी पुराण. पोथीची भाषा मराठी आणि चुलीजवळची भाषा कोकणी, ही त्या प्रदेशाची जुनी स्थिती. तिचा आदर राखून दोहोंच्या मधली वाट त्याने काढली. संस्कृत आणि प्राकृत यांच्यामध्ये नाथांनी जे केले त्याच्याशी याचे साम्य आहे. दोन्हींतला फरकही लपवू नये. नाथ आपल्याच घरच्या धनाची वाटणी करीत होते. स्टीफन्स दुसऱ्याच्या घरात नवे धन आणून ठेवीत होता, आणि त्या घरातले जुने धन त्याच्या राज्यकर्त्यांनी बाहेर काढलेले होते.

शब्दांच्या निवडीत त्याची कसरत दिसते. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, देवाला परमेश्वर म्हणतो. कथा सांगताना तो निःशंकपणे मराठी पुराणिक होतो. पण संस्कारांची आणि धर्मसिद्धान्ताची नावे आली की पोर्तुगीज वा लॅटिन शब्द जसेच्या तसे येतात. बाप्तिस्म्याला स्नान म्हटले तर पंचगंगेचे स्नान आठवावयाचे, अशी ती भीती. तिच्यात तथ्य होते. तरी ओवीच्या ओघात हे शब्द खडे होऊन राहत नाहीत. मराठीने त्यांना विभक्तिप्रत्यय लावून आपलेसे केले आहे. आज नाताळ आणि पाद्री हे शब्द मराठी माणूस परके म्हणून उच्चारत नाही, त्यामागे अशा शेकडो संध्याकाळच्या वाचनांचा भाग असला पाहिजे. ख्रिस्तजन्म, कानागावचे लग्न, मरियेचा शोक अशा प्रसंगी तर लेखक पाठ देत आहे हे विसरतो. लग्नघरातला द्राक्षरस संपल्यावर होणारी यजमानाची कुचंबणा कोणत्याही मराठी गृहिणीला स्वतःची वाटावी.

सिद्धान्ताच्या पाठासाठी त्याने निराळे पुस्तक लिहिले. मार्कोश जॉर्जच्या दोत्रीनीच्या आधाराने कोकणीत रचलेली संवादरूप दोत्रीन त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १६२२ मध्ये, रायतूरलाच छापली गेली. कोकणीतले ते पहिले छापील पुस्तक मानतात. तेव्हा एकाच लेखकाची दोन पुस्तके झाली. इगर्जीतल्या मुलांसाठी बोलीतली प्रश्नोत्तरी, आणि घरातल्या मंडळींसाठी पोथीच्या भाषेतले पुराण. मुलाचे शिक्षण आणि कुटुंबाचे श्रवण यांची अशी फोड त्या काळच्या युरोपातही सहसा आढळत नाही. त्याच्यामागून फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ याने संत पीटरवरचे पुराण ओव्यांत रचले, आन्तोनियो द साल्दान्या याने १६५५ मध्ये संत आंतोनीची जीवित्वकथा दिली. ख्रिस्तपुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. या पुनर्मुद्रणांवरून ग्रंथ वाचला जात होता एवढे निश्चित म्हणता येते.

स्टीफन्सने ओवी शिकली कोठून, या प्रश्नाचे उत्तर सुखाचे नाही. धर्मगुरूंनी हिंदूंच्या पोथ्या जप्त करून अभ्यासल्या. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरविलेल्या रामायण-महाभारताच्या मराठी-कोकणी कथा आजही आहेत, त्या याच व्यवहारातून तेथे पोचल्या. ज्या पोथ्या गोव्यातल्या घरांतून नाहीशा झाल्या त्यांच्या काही नकला त्या नाहीशा करणाऱ्यांनीच जपल्या. इतिहासाचा हा उपरोध ख्रिस्तपुराणाच्या प्रत्येक ओवीखाली आहे. ग्रंथात मूर्तिपूजेवर टीकाही आहे, आणि ती सौम्य नाही. सर्वधर्मसमभावाचा आधुनिक उद्‍गार म्हणून या पुराणाचा गौरव करणे म्हणजे लेखकाला त्याच्या काळातून उचलून आपल्या सभेत बसविणे होय.

लिपीची गोष्ट याहून लहान, पण परिणामी मोठी. १६०८ मध्ये वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात स्टीफन्सने देशी लिपीत छापण्याची इच्छा कळविली होती. देवनागरीचे जोडाक्षरांसह शेकडो खिळे पाडावे लागतात, या अडचणीपुढे ते राहिले. पुराण रोमन लिपीत छापले गेले, आणि त्यामुळे एक भिंत उभी राहिली. गोव्याचा ख्रिस्ती मुलगा मराठी ओवी रोमन अक्षरांत वाचावयास शिकला. पलीकडच्या सावंतवाडीतल्या मराठी वाचकाला ती अक्षरे कळेनात. एकाच भाषेचे, एकाच छंदाचे दोन वाचक एकमेकांना पारखे झाले. या भिंतीत एक खिडकी मात्र होती. विल्यम मार्सडेनच्या संग्रहातून लंडनला गेलेले ख्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात जस्टिन ॲबट यांना सापडले. आदिपुराण आणि देवपुराण अशी त्यातील भागांची नावे, आणि पोर्तुगीज शब्दांच्या जागी बव्हंशी संस्कृत शब्द. हेच ॲबट महिपतीच्या भक्तलीलामृतातील एकनाथचरित्राचे इंग्रजी भाषांतर १९२७ मध्ये प्रसिद्ध करतात. काशीचे भागवत आणि सासष्टीचे पुराण प्रथम एका अभ्यासकाच्या मेजावर आले ते असे.

आता १६८४ कडे वळावयाचे. काशीच्या पंडितांनी नाथांवर जो आक्षेप घेतला तसा आक्षेप गोव्यात स्टीफन्सच्या काळी कोणी यशस्वीपणे घेतला नव्हता. १६०६ च्या प्रांतिक धर्मसभेने तर धर्मग्रामाच्या पाद्र्याला स्थानिक भाषा आलीच पाहिजे असा आग्रह धरला होता. तो आक्षेप पाऊणशे वर्षांनी आला, आणि पंडितांच्या तोंडून न येता राजसत्तेकडून आला. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला की, येथील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, आणि धर्मगुरूंनी व शाळांच्या शिक्षकांनी मुलांना दोत्रीन त्याच भाषेत शिकवावी. १७४५ मध्ये आर्चबिशप लोरेन्सो द सांता मारिया याने आणखी पुढचे पाऊल टाकले. पोर्तुगीज न येणाऱ्याचे लग्नच लावावयाचे नाही. ज्या धर्मसंस्थेने कुटुंबाला शिकविण्यासाठी मराठी पुराण छापले, तिनेच कुटुंबाच्या आरंभाला भाषेची अट घातली.

तीन वर्षांत भाषा सुटत नाही. लोक कोकणी बोलत राहिले आणि हुकूम बऱ्याच अंशी कागदावर राहिला. पण त्याने जे मोडावयाचे ते मोडले. गोव्यातली छपाई सतराव्या शतकाच्या अखेरीस थांबली ती १८२१ पर्यंत. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पाद्री पोर्तुगीजमध्ये उपदेश करीत, मूल न कळलेले शब्द पाठ करी, आणि घरी आई कोकणीत प्रार्थना म्हणे. मुलाच्या पाठाचा आणि घराच्या श्रवणाचा जो सांधा स्टीफन्सने जुळविला होता, तो निखळला. १८५८ मध्ये कुन्या रिवारा या गोवे सरकारच्या चिटणिसाने कोकणी भाषेचा इतिहास लिहिला तेव्हा हे जुने हुकूम त्याने धिक्कारासह पुढे आणले, आणि स्टीफन्सचे व्याकरणही पुन्हा छापविले. पोर्तुगीज अधिकाऱ्यानेच ही नोंद घ्यावी, हेही इतिहासाला धरूनच झाले.

काशी आणि गोवा यांच्या फरकाचे मूळ येथे दिसते. नाथांच्या ग्रंथामागे सत्ता नव्हती, म्हणून सत्तेच्या लहरीने तो बुडालाही नाही. पंडितांनी मानले वा न मानले, पैठणपासून पंचगंगेपर्यंत मराठी घरे तो वाचीत राहिली. ख्रिस्तपुराण छापखान्यातून आले, परवान्याने आले, आणि परवाना फिरला तेव्हा उघडे पडले.

मग ते टिकले कसे? गोवा सोडून दक्षिणेला मंगळूरच्या परिसरात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते नेले. तेथे त्याच्या हस्तलिखित नकला होत राहिल्या, पोथीप्रमाणे घरात वाचन होत राहिले. १७८४ मध्ये टिपूने या समाजाला श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात नेले. पाद्री नाहीत, इगर्ज नाही, अशा त्या पंधरा वर्षांत या पुराणाच्या ओव्यांनी श्रद्धा तगविली अशी परंपरा मंगळूरकर सांगतात. त्या नकलांच्याच आधारे जोसेफ साल्दाना यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीतील आवृत्ती काढली. धर्मग्रामाची शाळा जेथे मोडली तेथे कुटुंबाने शिकविले, आणि ते शिकविण्याचे साधन दोत्रीन नव्हती, पुराण होते. इगर्जीतल्या त्या ब्राह्मणाचे म्हणणे दोन शतकांनी असे खरे ठरले.

मराठी मुलखात खुद्द वसईची कथा याहून निराळी. १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलेली वसई १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतली. पोर्तुगीज गेले, धर्म राहिला. सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती कुटुंबे आपल्या बोलीत बोलत, लॅटिन मिस्सा ऐकत, आणि थोड्या पाद्र्यांच्या आधाराने मुलांना प्रार्थना शिकवीत राहिली. १९०५ मध्ये दहाव्या पायस पोपने प्रत्येक धर्मग्रामात धर्मशिक्षणाची मंडळी स्थापण्याची आज्ञा केली, १९१० मध्ये प्रथम कम्युनियनचे वय सातच्या आसपास आणले. त्याने रविवारचे वर्ग वाढले, प्रश्नोत्तरीचे महत्त्वही वाढले. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात नारायण वामन टिळकांनी आरंभलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये आले, पुन्हा ओवीतच. कॅथलिक उपासनेत लोकभाषेला मोकळीक मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३ च्या घोषणेनंतर. वसईच्या धर्मग्रामांत मिस्सा मराठीत होऊ लागली, ‘सुवार्ता’ मासिक घरोघर जाऊ लागले. त्याचे दीर्घकाळचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादेमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ते २०२४ मध्ये निवर्तले.

त्या मराठीकरणात ख्रिस्तपुराणाचा वाटा मात्र अल्पच राहिला. शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये पुण्याहून त्याची देवनागरी आवृत्ती काढली, कारिदाद द्रागो यांनी १९९६ मध्ये मुंबईहून दुसरी. दोन्ही आवृत्त्या विद्वानांच्या कपाटांत पोचल्या. १६१६ मध्ये रोमन लिपीच्या भिंतीपलीकडे राहिलेला ग्रंथ देवनागरीत आला तेव्हा, ज्या घरांसाठी तो लिहिला होता त्यांची संध्याकाळची वाचनाची सवयच सुटलेली होती. वारकऱ्यांच्या घरांत नाथांच्या भागवताचे पारायण अजून चालते. वसईत वा सासष्टीत ख्रिस्तपुराणाचे वाचन होते ते समारंभापुरते, निवडक ओव्यांचे. आणि त्या निवडीत भाषास्तुतीच्या चार ओव्या बहुधा पहिल्या असतात.